शरयूचा रेल्वेचा तास

आमच्या शरयूचा विषय निघाला की मला अजून राग येतो. तिचा न्हाई, तिच्या घरच्यांचा. नवीन जालन्यात आमची घरं शेजारी, बँकेतही आम्ही शेजारच्या काउंटरवर. दोन हजार तीन साली तिच्या नवऱ्यानं, मुकुंदनं, विम्याच्या कामासाठी कंप्युटर घेतला. त्यात रेल्वेचा एक खेळ होता. पटावर मांडतो तसाच डाव, फक्त पडद्यावर. पत्ते उचलायचे, गावाला गाव जोडत रूळ टाकायचे, कंप्युटरच्या आधी आपला रस्ता पुरा करायचा. बाईला त्याचं असं वेड लागलं की काय सांगू. पण एका डावाला तास लागायचा, अन् अर्ध्यात उठलं की डाव मोडायचा.

तास आणायचा कुठून? सकाळी डबे, दिवसभर बँक, संध्याकाळी पोळ्या, त्यात सासूबाईंचं पथ्याचं वेगळं. रविवारी पाहुणे.

मंग तिला तास सापडला. दर महिन्याला ती बाजूला बसायची. तेवढे दिवस स्वयंपाकघर बंद, देव बंद, लोणच्याची बरणी बंद. बँकेत जाऊन लोकांच्या नोटा मोजलेल्या मात्र चालायच्या, तो विटाळ कुणाला दिसत नव्हता. अन् कंप्युटरला शिवायचं की न्हाई, हे कोणत्याच पोथीत लिहिलेलं न्हाई. बाई संध्याकाळी ऐटीत खुर्चीत बसायची. कमावत्या बाईला घडीभर खेळायला मिळावं म्हणून विटाळशी व्हावं लागतं, सांगा आता.

पुढं सासूबाई सुधारल्या. दुर्गाबाईंनी भजनी मंडळात जाहीर केलं, "आमच्या घरात आता बाजूला बसणं बिलकुल बंद." बायांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शिवाशिव गेली ते बराबरच झालं. पण सुनेच्या त्या दिवसांत पोळ्या लाटून दुर्गाबाईंचे गुडघे धरायचे, हे त्यांनी मंडळात सांगितलं न्हाई. अन् शरयूच्या तासाचं काय, हे तर कुणी विचारलंच न्हाई.

त्यानंतर तिचा एक डाव पुरा होईना. एकदा शेवटचा रूळ टाकायचा राह्यला अन् आतून हाक आली, "पोळ्या केव्हा?"

एका संध्याकाळी मी विरजण मागायला गेल्ते. शरयू कंप्युटरपुढं बसलेली. दुर्गाबाईंनी विचारलं, "बरं वाटत न्हाई का गं?"

"बरी आहे. खेळून राह्यले. तासाभरानं उठते."

मंग उठलं कोण? दुर्गाबाई, गुडघ्यावर हात ठेवून. मुकुंद आपला पेपर वाचत बसलेला. माझं डोकं असं सणकलं!

शरयूनं पडद्यावरून नजर हलवली न्हाई. "अहो, आई उठल्या. त्यांना बसवा अन् तुम्ही कणीक मळा."

"मला कुठं येतं?" मुकुंद म्हणाला.

"मला तरी ही रेल्वे कुठं येत होती? बसले, शिकले."

मुकुंदनं पेपर खाली ठेवला. दुर्गाबाई परत टेकल्या, अन् परात कुठं असते ते त्याला बसल्या जागेवरून सांगू लागल्या.