स्वेटरशिवाय वजन

"माझ्या लेकीचं वजन करा, स्वेटरचं नको."

ती ओरडली नव्हती. पण बाळांच्या तपासणीच्या त्या लांबट खोलीत सगळ्या आया बाकावर अंग चोरून बसलेल्या असतात. तिथे एवढंही पुरलं. रांग गप्प झाली.

गल्लीत तिला पंपवाली म्हणत. लग्नाआधीपासून ती पेट्रोल पंपावर होती. टाकीत नळी घालण्याआधी गिऱ्हाइकाला मीटरवरचं शून्य दाखवायचं, ही तिथली रीत तिच्या अंगात भिनलेली. मुलगी जरा मान धरायला लागली तशी ती पुन्हा कामावर गेली आणि तपासणीला न्यायचं सासूबाईंनी अंगावर घेतलं. दर खेपेला त्या घरी येऊन सांगायच्या, "वजन मस्त वाढलंय. डॉक्टर खूश!"

अंघोळ मात्र तीच घालायची. हाताला बरगड्या लागायच्या. तान्हेपणीची झबली अजून ढगळ व्हायची. नवऱ्याला दाखवलं तर तो हसला, "तुझ्यावर गेलीय, काटकुळी." खोटं एकाचंच असतं तेव्हा पकडता येतं, घरभर पसरलं की ते हवेसारखं होतं, कुणाचंच उरत नाही. तिने रजा टाकली.

त्या सकाळी सासूबाईंची तयारी तिने पहिल्यांदा पाहिली. आत एक स्वेटर, वर दुसरा, पायात जाड मोजे, निघता निघता पोटभर दूध. थंडी होती हे खरं. सगळ्याच बायका पोरं गुंडाळूनच काट्यावर ठेवायच्या, आणि रांग सरता सरत नसे म्हणून नर्स अंदाजाने थोडं वजा करून पुढच्या बाळाकडे वळायची. सासूबाई लबाड नव्हत्या. दिवसभर नात त्यांच्या कडेवर असे. वजन भरलं नाही तर बोट आपल्याकडेच वळणार, एवढं त्यांना कळत होतं.

"अहो, आटपा की," मागून कुणीतरी म्हणालं. "आमची पोरं रडून रडून निळी पडतील."

"रडू देत. दम आहे म्हणून रडतात," म्हणत तिने दुसराही स्वेटर काढला.

नर्सने काटा शून्यावर आणला. उघडी, संतापलेली, लालबुंद पोर त्यावर ठेवली. आकडा बघून तिने बाळाला उचललं, पुन्हा ठेवलं. तोच आकडा. मागच्या खेपेपेक्षा कमी.

"चारचौघांत शोभा केलीस," सासूबाई पुटपुटल्या.

आत डॉक्टरांनी पोरीला उलटसुलट करून तपासलं. "आत्ता कळलं ते बरं झालं. घाबरू नका. खाणं वाढवू, रक्त तपासू. पंधरा दिवसांनी परत आणा. घरी भरवतं कोण?"

"मी!" सासूबाई उसळल्या. "आईला वेळ कुठाय? ती तिकडे गाड्यांची पोटं भरतेय."

"भरते ना. हिचंही भरीन. पण ते रिकामं आहे हे आधी कबूल तरी करा."

सासूबाईंचा आवाज चिरकला. "मी उपाशी ठेवते का गं हिला?"

"असं कोण म्हणालं? ही तोंड फिरवते, तुम्ही वाटी बाजूला ठेवता, आणि संध्याकाळी मला सांगता, सगळं खाल्लं. मी ऐकून घेईन हो, आई. हिच्या अंगाला ते कसं लागणार?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होत्या, त्यांनी मान न उचलता विचारलं, "मग पुढच्या खेपेला कोण येणार?"

"मीच. दर खेपेला मीच."

"म्हणजे सोडतेस तर नोकरी," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि आशाही. "इथेच सांग. डॉक्टरांसमोर सांग. सोडतेस ना?"

तिने मुलीला कपडे घातले, कडेवर घेतलं. रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी दातांत धरली, पिशवी खांद्याला अडकवली, आणि पायाने दार लोटून ती बाहेर पडली.