टीव्हीवर वाजतो तोच प्रोसेसर द्या!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कॅबिनेटमधल्या पंख्यावर धूळ बसते, तसे ते आपोआप बसत जातात. एक दिवस झाकण उघडलं की कळतं, अरे बापरे, एवढे साठले!

शिवाजी पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरला होते. मालक विलासभाऊ पार्ट आणून मशीन जोडून द्यायचे. मी मॅट्रिक झालेली बाई. बिल लिहायचं, फोन घ्यायचा आणि विकलेल्या प्रत्येक मदरबोर्डवर वॉरंटीचं पांढरं लेबल चिकटवायचं, हे माझं काम. लेबलवर तारीख, खाली सही ‘सु. पा.’ आणि सगळ्यात वर ‘श्री’. शाळेत पेपरावर श्री लिहायची सवय लागलेली, ती सुटली नाही.

“काकू, मशीन बिघडलं तर काय श्री दुरुस्त करणार हाय?” विलासभाऊ हसायचे.

ऐकून ऐकून मलाही धंदा कळायला लागला होता. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकीण. आणि बोर्डावरचा चिपसेट म्हणजे तिच्या हाताशी पीठ, मीठ, तिखट पोचवणारी. स्वयंपाकीण कितीही चपळ आणा, वाढपीण पेंगत असेल तर पंगत ताटकळणारच! म्हणून मधल्या किमतीचा प्रोसेसर, चांगल्या चिपसेटचा बोर्ड आणि उरलेल्या पैशात जास्त रॅम. एवढंच शहाणपण होतं. ते मी शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं असेल.

पण मला खरं पटवायचं होतं ते एकच गिऱ्हाईक, आणि ते माझ्याच घरात जेवायला बसायचं. आमची लेक मंजिरी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला लागली होती. तिला घरी मशीन हवं होतं. मी वहीच्या कागदावर यादी करून यांच्यापुढं ठेवली. हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेऱ्या मांडायला. यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “बघू. जाणकाराला इचारतो.”

जाणकार म्हणजे कोण, ते मी दुकानात रोजच बघत होते.

*

पन्हाळ्याकडून एकदा जीपभर माणसं एक कॉम्प्युटर घ्यायला आली. त्यात एक आबा होते. म्हैस घ्यायची असली की अख्खं गाव त्यांनाच घेऊन जातं म्हणे. विलासभाऊंनी त्यांना तासभर दोन्ही प्रोसेसर समजावले. एक टीव्हीवरच्या जाहिरातीत धून वाजवणारा, दुसरा बिनधुनीचा पण स्वस्त आणि चांगला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक डबा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात धरून तोलला.

“ह्यो घ्या. वजनदार हाय.”

विलासभाऊ म्हणाले, “आबा, वजन आतल्या पंख्याचं हाय!”

“मग पंखा तरी मोठा मिळतोय की!”

तो डबा बिनधुनीचा होता. त्या महिन्यात योग्य माल घेऊन गेलेलं ते एकमेव गिऱ्हाईक.

*

इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले शेठ आले. आल्या आल्या म्हणाले, “माझ्या साडूनं आठशे मेगाहर्ट्झचा घेतलाय. मला आठशे एकचा दाखवा.”

मी म्हटलं, “शेठ, आठशे एकचा येत नाही. आणि तुम्हाला नुसती बिलंच टाइप करायची आहेत ना?”

“बिलं कुणीबी टाइप करतंय, बाई. साडू एकच हाय!”

शेवटी त्यांनी साडूपेक्षा मोठा आकडा घेतला. पैसे सगळे त्या आकड्यातच गेले, म्हणून बोर्ड सगळ्यात हलका आणि रॅम नावापुरती. महिन्यानं त्यांचा फोन आला. मशीन चालू केलं की चहा पिऊन यावं लागतं, म्हणाले.

मी हळूच म्हटलं, “रॅम वाढवूया का?”

“राहू दे. साडूला कुठं म्हाईत हाय?”

*

जवळच्याच तालमीचे सेक्रेटरी फुटबॉलच्या टीमच्या याद्या करायला मशीन बघत होते. आमच्याकडं फुटबॉलच्या टीमही तालमींच्याच असतात. आता तालमीच्या माणसाला स्वयंपाकीण सांगून काय उपयोग! विलासभाऊंनी उदाहरण बदललं.

“हे बघा, प्रोसेसर म्हणजे पैलवान. चिपसेट म्हणजे त्येला खुराक पोचवणारा. पैलवान दांडगा आणला आणि खुराक येळंवर पोचला न्हाय, तर कुस्ती काय मारणार?”

सेक्रेटरी एकदम सरसावून बसले. “हे बेस सांगितलंसा! मग आमाला ते खुराकवालंच द्या. पैलवान नको.”

“अवो, पैलवान न्हाय तर खुराक खाणार कोण?”

“तालमीत काय खाणारी कमी हायत व्हय?”

*

एक प्राध्यापक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. विलासभाऊ बाहेर गेले होते. मी त्यांना कुठला प्रोसेसर, कुठला चिपसेट, का आणि कशासाठी, सगळं नीट सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “मालक कधी येतील?”

पाऊण तास बसले. मध्ये एक कप चहाही घेतला. विलासभाऊ आले आणि हेल्मेट काढता काढता मलाच म्हणाले, “काकू, सरांना काय द्यायचं?”

मी तेच पुन्हा सांगितलं. शब्दही बदलला नाही.

विलासभाऊ म्हणाले, “बरोबर. तेच द्या.”

सरांचा चेहरा खुलला. “हां! आता कसं, मालकांनी सांगितलं म्हणजे खात्री झाली.”

जाताना मला म्हणाले, “तुम्हीही शिकून घ्या हो हळूहळू. अवघड नसतं.”

*

आमच्या समोरच एक काचेचं शोरूम उघडलं. आत एसी, दारात गालिचा. तिथलं प्रत्येक मशीन त्या टीव्हीवाल्या प्रोसेसरचं चकचकीत स्टिकर लावून बसलेलं. आत काय आहे ते देव जाणे! स्टिकर बाजारात सुटे, पट्टीच्या पट्टी विकत मिळतात, हे आम्हाला ठाऊक होतं. विलासभाऊंनी कधी लावले नाहीत. “आत जे हाय तेच भाईर,” म्हणायचे, आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोर जायचं.

शोरूमचे मालक सकाळी गिऱ्हाइकांना सांगायचे, “समोरचा माल घेऊ नका, भंगार आहे.” आणि दुपारी माल संपला की स्वतःच गालिचा ओलांडून यायचे. “विलासराव, दोन बोर्ड आणि दोन प्रोसेसर द्या की. अर्जंट आहे.”

विलासभाऊ द्यायचे. धंद्यात चालतं असं. मी लेबलं लावायची, ते पिशवीत घालून न्यायचे.

एकदा मी शोरूमवाल्यांना विचारलंच, “भंगार चालेल ना?”

“काकू, तुम्ही फार मनाला लावून घेता!”

*

आणि मग आमच्या यांनी कॉम्प्युटर आणला. टेम्पोतून, दुपारच्या वेळी, मी दुकानात असताना. घरी आले तर मशीन टेबलावर, गळ्यात झेंडूचा हार, आणि त्या चकचकीत स्टिकरला हळदी-कुंकू. समोरच्या शोरूमचं!

मी म्हटलं, “अहो, मी यादी दिली होती ना?”

“अगं, वळखीत फसवत्यात. आणि तू काउंटरला बसतीस, त्यात एवढं काय कळतंय? क्यांटीनमधी चौघांना इचारलं. चौघंबी म्हणाले, टीव्हीवर वाजतो तोच घे.”

मी हाराखाली सांडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा केल्या. मंजिरी मात्र दोन दिवस माझ्याकडं बघत नव्हती. यादी तिनं आणि मी मिळून केली होती.

मशीन चाललं मात्र छान. अगदी कुरकुर नाही. मंजिरीचे सगळे प्रोजेक्ट त्यावर झाले, परीक्षा झाल्या, पहिला वर्ग आला. आल्यागेल्याला हे स्टिकरवर टिचकी मारून सांगायचे, “आत त्योच हाय! आमच्या घरात कॉम्प्युटरच्या दुकानातलं माणूस हाय, पर निवडला मी.” पाहुणे माझ्याकडं बघून हसायचे. मी पोहे करायला आत जायचे.

तीन वर्षांनी ते मशीन तापून आपोआप बंद पडायला लागलं. शोरूम तोवर बंद झालं होतं. तिथं आता साड्या मिळत होत्या. रविवारी सकाळी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले.

“तुला जमंल का?” हे म्हणाले. “नाजूक काम हाय. विलासरावांना बोलीव की.”

मी चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. पंख्यावर धुळीची गोधडी बसली होती. जुन्या ब्रशनं झाडली. मंजिरीनं बॅटरीचा उजेड धरला आणि ‘आई’ म्हणून एकदम थांबली.

बोर्डाच्या कडेला पांढरं लेबल होतं. तारीख. खाली ‘सु. पा.’ वर श्री. शेजारी यादीतलाच चिपसेट, यादीतलाच बिनधुनीचा प्रोसेसर.

मंजिरी यांना सांगायला वळली. मी तिचा हात दाबून धरला.

हे मागून वाकले. चष्मा नव्हता डोळ्यांवर. “काय बघत बसलीस? माल कसा हाय, त्ये सांग.”

“उत्तम आहे,” मी म्हटलं. “ज्यानं निवडलाय, त्याला कळतंय.”

“मग!” यांनी स्टिकरवर टिचकी मारली. “तुमच्या त्या दुकानात मिळाला असता का असला?”

“कुठला मिळतोय!” मी म्हटलं, आणि झाकण लावून घेतलं.