हरवलेलं लॉक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्यातच, हरणी भागातल्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, हे गेले... चहा मागितला, आणि तो व्हायच्या आतच." याला आता दीड महिना झाला. रडून झालं, दिवस-वार झाले. पण खरं सांगते, त्या दिवसापासून दुःखाच्या जोडीला एक धाकधूक मनात होती. दादाशी मी एक खोटं बोलले होते आणि ते कबूल करायचं राहून गेलं होतं.

आमचे बाबा शेवटी शेवटी डोळ्यांनी अधू झाले. रोज दुपारी दादाच्या सुभानपुऱ्याच्या घरी हिंचक्यावर झुलत ते आठवणी सांगायचे, जुन्या बडोद्याच्या, कचेरीतल्या साहेबांच्या, आजोबांच्या तापट स्वभावाच्या... आणि रिफायनरीतून निवृत्त झालेला दादा ते सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायचा. बाबा निम्मं गुजराती बोलत, तो तसंच उतरवायचा. "लिहिलंस का रे गाढवा?" हेसुद्धा. त्याचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं. कॉम्प्युटरच्या मागे काडेपेटीएवढा एक काळा तुकडा लावलेला असायचा, त्याला तो लॉक म्हणायचा. ते असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं.

बाबा गेले. पुढे नवा कॉम्प्युटर आला, दादाने सगळ्या फायली त्यावर घेतल्या. दिवाळीच्या तोंडावर दादा-वहिनी एका लग्नाला गेले आणि मी त्यांचं घर राखायला राहिले. फोनवर दादाने सांगितलं, जुना डबा भंगारात देऊन टाक, पण मागचा काळा तुकडा आधी काढून खणात ठेव. भंगारवाला दारात उभा, गॅसवर चकल्यांचं तेल तापलेलं... मी विसरले. आणि दादाने विचारलं तेव्हा म्हणाले, "ठेवलं होतं ना खणात." धडधडीत खोटं. बिचाऱ्याने सगळे खण उपसले. दुसऱ्या दिवशी मात्र शोधणं सोडून दिलं. मला वाटलं, चला, सुटले.

सुटले कसली! नव्या कॉम्प्युटरवर बाबांच्या आठवणी उघडल्या की नुसते आकडे, कंस आणि कसलीकसली चिन्हं. बाबा काही पुन्हा सांगायला येणार नव्हते. दादाने नव्या विंडोजला जुन्यासारखं वागायला लावून पाहिलं, पण सॉफ्टवेअर चालेचना. मग त्याने नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा केला. असं करता येतं म्हणे. तिथे सॉफ्टवेअर सुरू झालं आणि लगेच लॉक मागायला लागलं. शेवटी त्याने सॉफ्टवेअरचा नाद सोडला आणि वहीत तक्ता मांडला, कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर. मग एकेक चिन्ह शोधून सगळीकडे बदलायचं. क्रम चुकला की अख्खं पान नासायचं, की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं हेच. कितपत आलं म्हणून विचारलं की म्हणायचा, "होईल गं, घाई नको." मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहायचे, सांगू सांगू म्हणायचे. एकदा तो वळून म्हणाला, "बोल सुमे." मी कढीपत्ता मागितला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, ती फाईल तुम्हीच उघडा, माझा धीर होत नाही. माझा तरी कुठे होत होता? काम अर्धवट राहिलं असेल तर बाबा गेले ते माझ्यामुळे, दुसऱ्यांदा. देवाचं नाव घेऊन उघडली. पहिलीच ओळ आली, "मी सांगतो तसं लिही, मध्ये शहाणपणा नको." स्वच्छ मराठीत! पानामागून पान पाहिलं, शेवटपर्यंत सगळं होतं. माझ्या फोनवर पाठवून पाहिलं, तिथेही दिसलं. हुश्श... किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. वहिनी मोठ्याने वाचत होत्या, आणि आम्ही दोघी हसत होतो, डोळे पुसत होतो.

बाबांचा मजकूर संपल्यावर दादाने एक पान आपलं जोडलं होतं, पुढे कुणी कॉम्प्युटर बदलला तर काय काय करायचं त्याचं. त्याची सुरुवात अशी होती, "मूळ लॉक माझ्या निष्काळजीपणामुळे हरवलं."

मग मला राहवेना. वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा हात धरला. "ह्यांना ठाऊक होतं, वन्सं. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, ए तो पाछळ ज लागेलुं हतुं, बधुं आगळ गयुं. म्हणजे ते मागेच लावलेलं होतं, डब्यासकट सगळं पुढे गेलं. घरी येऊन मला बजावलं, सुमीला यातलं एक अक्षर बोलायचं नाही."

म्हणजे ती दोन वर्षं तो सगळं जाणून तिथे बसला होता, आणि मी मागे उभी.

मी दादाच्या खुर्चीवर बसले. त्या कॉम्प्युटरवर मी कधी मराठी टाइप केलं नव्हतं. एकेक अक्षर हुडकत 'माझ्या' खोडलं आणि तिथे 'सुमनच्या' लिहिलं. वहिनींनी विचारलं, काय करताय? दुरुस्ती, म्हटलं, आणि फाईल सेव्ह केली.