बोटाला न जुमानणारी खिडकी

लोकांना वाटतं, कॉलेजातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं कसले आलेत किस्से. माझ्याकडं आठवड्याला एक जमा होतो. फक्त तो घडत असताना मला हसू येत नाही, कारण त्या वेळी शिव्या मी खात असतो. चार मित्र बसले, चहा आला, की मंग मलाही हसू येतं. थोडंसं.

आमचं कॉलेज भोकरदनच्या बाजूला. तिथं मी नऊ वर्षांपासून कंत्राटी. आमच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात. नानांनी नवा मोबाईल घेतला, तो बोट लावलं की उघडायचा. झालं! दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाले, ऑफिसात रोज कुणीतरी पासवर्ड विसरतं, रोज बोंब. सगळे कॉम्प्युटर बोटावर करून टाक. आणि वर सगळ्यांसमोर म्हणाले, "तपासणी समिती येईपर्यंत हे बराबर चाललं तर तुला कायम करतो. न्हाई चाललं तर घरी."

आठ कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं, कारण ते फुकट. प्रत्येकाला बोट वाचणारी एक डबी जोडली. बोट लावा, कॉम्प्युटर उघडा. झकास चाललं. मी घरी पेढे घेऊन गेलो.

पेढे घाईनं नेले, हे मला चौथ्या दिवशी कळलं.

•

मंगला मॅडम आमच्या हेडक्लार्क. सव्वीस वर्षं नोकरी. कुणाचं काही चालू देत नाहीत. त्यांच्या कॉम्प्युटरची तारीख चुकली होती, ती बदलायला गेल्या तर मधोमध एक छोटी खिडकी आली. "हा बदल करायला परवानगी लागेल, पासवर्ड टाका." मॅडमनी बोट लावलं. काही नाही.

लिनक्सचं असं आहे की, महत्त्वाचा बदल करायचा म्हटलं की ही खिडकी आडवी येते. कॉम्प्युटर उघडताना बोट चालतं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली, तर तिथंही तेच बोट चालतं. पण ही खिडकी पासवर्डच मागते. बोट तेच, माणूस तोच, कॉम्प्युटर तोच. पासवर्ड तर नानांच्या हुकमानं मी कुणाला दिलेच नव्हते. अवघड करून माझ्या वहीत ठेवले होते.

मी पोचलो तेव्हा मॅडम हात पुसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गौतम, दहाही बोटं झाली. आता चप्पल काढू का?"

•

दसऱ्याला रघुनाथमामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, ऑफिसातल्या यंत्रांची पूजा केली. झेरॉक्सला एक फूल, प्रिंटरला एक फूल. बोटाच्या आठही डब्यांना मात्र हळदकुंकू, अक्षता, वरून पाण्याचा शिंतोडा. सुट्टीनंतर बघतो तर काचेवर कुंकवाचा थर वाळलेला. एकही कॉम्प्युटर उघडेना. मी कानाच्या काड्या घेऊन दुपारपर्यंत डब्या साफ करून राह्यलो.

मामांना विचारलं, बाकी सगळ्यांना एकेक फूल, मंग यांचाच एवढा थाट का? मामा म्हणाले, "सर, सगळं ऑफिस रोज सकाळी त्याच्यापुढंच हात जोडून राह्यलं, मला वाटलं मोठं दैवत असंल."

•

मंग मी इकडून तिकडून वाचून तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर एक उपाय केला. आता खिडकी बोट घेणार होती. घेतही होती. फक्त तसं सांगत नव्हती! समोर पासवर्डचाच रकाना, आणि आतून मात्र बोटाची वाट बघत बसलेली. आता हे माणसाला कळावं कसं? मला तरी कुठं कळलं होतं.

त्या दिवशी मी एसटीनं जालन्याला गेल्तो. राजूरच्या अलीकडं मंगला मॅडमचा फोन. नवा प्रिंटर जोडायचाय, तीन नंबरवर खिडकी आली, जल्दी पासवर्ड सांगा. गाडीचा खडखडाट एवढा की मला ओरडून सांगावं लागलं. मोठा के, छोटा आर, सात, चार, स्टार. मॅडम म्हणाल्या, नाही होत. मी परत ओरडलो. नाही होत. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा मागच्या सीटवरचे एक काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, मघाशी तुम्ही स्टारच्या आधी चार म्हणले होते, आता नऊ म्हणून राह्यले." पुढून कंडक्टर म्हणाला, चारच होतं.

अख्ख्या गाडीला माझा पासवर्ड पाठ झाला, खिडकीला काही पटला नाही. शेवटी मॅडम वैतागल्या, ती डबीच उपटायला त्यांनी हात घातला, अंगठा काचेवर पडला आणि प्रिंटर जोडला गेला. फोनवर मला एवढंच ऐकू आलं, "हात उगारल्याशिवाय कळतच न्हाई याला."

मी जालन्याच्या स्टँडवर उतरलो ते पासवर्ड बदलायचाय, हे घोकतच. आणि पुढच्या आठवड्यात एक अपडेट आलं, त्यात माझा तो उपायही वाहून गेला. परत पहिले पाढे पंचावन्न.

•

इंटरनेटवर अशा अडचणी मांडायची एक जागा असते. मी तोडकंमोडकं इंग्रजी जुळवून सगळं लिहिलं. उघडताना बोट चालतं, काळ्या पडद्यावर चालतं, खिडकीत चालत नाही, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. कुण्या परदेशी माणसानं दोन दिवसांनी उत्तर दिलं. पासवर्ड वापरून बघा.

त्या दिवशी मी जेवलो नाही.

•

तोवर काम तर चालायला पाहिजे. म्हणून मंगला मॅडमना मी काळा पडदा शिकवला. दोन कमांड कागदावर लिहून दिल्या. मॅडम हुशार, आठवड्यात पाठ. खिडकी आली की बंद करायच्या, काळा पडदा उघडायच्या, खटाखट टाइप करून बोट लावायच्या. काम फत्ते.

एकदा नाना मागून आले. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी पळून राह्यल्या, आणि मॅडम चष्मा नाकावर घेऊन एकटक बघतायत. नाना पाय न वाजवता मागं फिरले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडमचं रिटायरमेंट जवळ आलंय. बँकेबिंकेत घुसल्या तर न्हाईत ना?"

•

समिती आली. तिघंजण होते, प्रमुख एक बाई, कडक. सकाळीच मी नानांचे हात धरले. नाना, फक्त बोट लावा, कॉम्प्युटर उघडा आणि बाजूला व्हा. दुसरं काही दाबू नका. नऊ वर्षं झालीत माझी. नाना म्हणाले, बिलकुल न्हाई दाबत.

नानांनी बोट लावलं, कॉम्प्युटर उघडला, बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात कोपऱ्यात आलं, नवीन अपडेट आहे. नानांनी दाबलं!

आली खिडकी. नानांनी अंगठा लावला. काही नाही. दुसऱ्या हाताचा लावला. काही नाही. मंग एंटर दाबलं, तर खिडकी डावीउजवीकडं हलली, नको म्हणल्यासारखी. परत दाबलं, परत हलली. पासवर्ड माझ्या खिशातल्या वहीत होता, पण तो टाकायला पुढं झालो असतो तर बोटाचं पितळ तिथंच उघडं पडलं असतं.

बाईंनी विचारलं, हे अध्यक्षांचं बोट का घेत नाही?

मंगला मॅडम पुढं झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ती खिडकी नानांचंही ऐकत न्हाई."

"म्हणजे इथं अध्यक्षांनासुद्धा मनाला येईल तो बदल करता येत नाही?"

"बिलकुल न्हाई."

बाईंनी चष्मा काढला, नानांकडं पाहिलं, आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या.

महिन्यानं अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की, या संस्थेत अध्यक्षांनाही परस्पर हस्तक्षेप करता येत नाही, ही बाब अनुकरणीय आहे. नानांनी तेवढं पान फ्रेम करून खुर्चीमागं लावलं, मला बोलावलं, आणि माझी कायमची ऑर्डर सही करून टेबलावर ठेवली. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. जे मनात होतं तेच बोलून गेलो. म्हणलं, नाना, कालच उपाय सापडला, पक्का. आता खिडकीसुद्धा तुमचं बोट घेईल. उद्यापर्यंत आठही कॉम्प्युटर करून टाकतो.

नानांनी ऑर्डर हळूच आपल्याकडं ओढून घेतली.

"हात लावू नको गौतम. ती खिडकी दुरुस्त झाली त्या दिवशी तू घरी."