एका मशीनवर तिघं

आई गेली त्याच वर्षी माझी बदली झाली. भिंगारच्या घराला कुलूप लावून मी जामखेडकडच्या एका खेड्यातल्या शाळेत गेले. मी लग्न केलेलं नाही; आई होती तोवर त्याचं फारसं काही वाटलंही नव्हतं. गावात एका घराच्या मागची खोली भाड्याने मिळाली. घरमालकांची माणसं चांगली होती. पण दिवस मावळला की त्यांच्या ओसरीवरचं हसणं-बोलणं भिंतीपलीकडून ऐकू येई आणि मी अलीकडे एकटीपुरती भाकरी थापत असे. रविवार तर सरता सरत नसे. भिंगारला रविवारी सकाळी आम्ही दोघी चर्चला जायचो, तिथून येताना आई चार घरी थांबायची. इथे मला थांबायला एकही घर नव्हतं.

शाळेला कुठल्याशा कंपनीने कॉम्प्युटर दिले होते. शिकवणारं कुणी नाही म्हणून ते खोक्यांतच पडून होते. मी ते बाहेर काढून जोडले. चालू निघाले ते मोजकेच, आणि सहावीत मुलं भरपूर. म्हणून मी एका मशीनवर तिघं बसवली. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने सांगायचं, तिसऱ्याने चुका बघायच्या आणि मग जागा बदलायच्या. सुरुवातीला माउसवरून बोचकारे निघाले. मग हळूहळू मुलांच्या लक्षात आलं, की तिसऱ्याचं डोकं आपल्याला लागतं.

सगळ्या गटांना मी एकच काम दिलं होतं: आपल्या गावाचं पाणी. विहिरी, तलाव, टँकर, सगळ्यांबद्दल विचारून यायचं आणि इंटरनेटवरच्या एका सामाईक फाईलमध्ये लिहायचं. ती फाईल एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी उघडायची. एका गटाने लिहिलेलं दुसऱ्याच्या पडद्यावर तेव्हाच दिसायचं.

त्यातल्या एका गटात दोन मुली आणि एक मुलगा होता. दोघींपैकी एक फार कमी बोलायची, पण चुका तिच्याच नजरेला पडायच्या. दसरा झाला आणि तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले. मी तिच्या घरी गेले. सामान बांधून ठेवलं होतं.

"हिला शाळेत राहू द्या ना," मी म्हणाले.

तिची आई म्हणाली, "मॅडम, आमी दोघं फडात गेल्यावर बारकं कोन सांभाळल? मागं घरात कुनी न्हाई. न्यावंच लागतंय."

मुलगी रडवेली होऊन धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी ऊसतोड्यांच्या टोळीचा ट्रक गेला.

तिच्या गटातली दोघं मशीनसमोर नुसतीच बसून राहिली. मी त्यांना दुसऱ्या गटात जायला सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "मॅडम, ही फाईल तिच्या पप्पाच्या मोबाईलवर उघडंल का?"

मी फाईलची लिंक तिच्या वडिलांना पाठवली. उत्तर आलं नाही. दिवाळीची सुट्टी झाली, शाळा पुन्हा भरली, तरी काही नाही. मी आशा सोडली होती. मग एका दुपारी, ही दोघं लिहीत असतानाच, त्यांच्या ओळीखाली एकेक अक्षर उमटायला लागलं. 'मी आले.'

दोघं किंचाळली. अख्खा वर्ग त्या मशीनभोवती गोळा झाला. मुलगा टाइप करत होता, बाकीचे ओरडून सांगत होते, "इचार, कुठं हाय? इचार, बारकं कसं हाय?"

ती बेलापूरकडे होती, पाटाच्या कडेला टोळीने राहायला पाचटाच्या कोप्या टाकलेल्या होत्या तिथे. दुपारी फोन तिच्याजवळ असायचा, भावाला काही झालं तर टोळीतल्या कुणाला तरी कळवायला. तिने लिहिलं, 'हितं पाटाला लई पाणी हाय. आईला लांब जावं लागत न्हाई.' आणि खाली, 'तुमी बोला. हितं दुपारी कुणीच नसतंय.'

वर्ग खेळायला बाहेर गेला तरी मी त्या ओळीपाशी उभी होते.

तेव्हापासून रविवारी मी माझ्या खोलीत फाईल उघडून बसू लागले. ती असायची. तिने पाटाचं काहीतरी लिहिलेलं असे, मी शुद्धलेखन सांगत असे. एकदा तिने मध्येच लिहिलं, 'मॅडम, जेवला का?'

आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी 'हो' लिहिलं. मग उठून खरंच भात लावला.

पण हे बरोबर नव्हतं. पोर मोबाईलमधल्या एका बाईशी बोलून मोठी व्हायला नको. मी ओळखीपाळखीने तिच्या कोपीजवळच्या शाळेतल्या शिक्षिकेचा नंबर मिळवला. त्या लगेच म्हणाल्या, "मी बघते." स्कूटरवरून स्वतः तिथे गेल्या. भावाची अडचण कळल्यावर म्हणाल्या, "त्यालाही आण, अंगणवाडी आमच्या आवारातच आहे."

आठवडाभरात फाईलमध्ये अनोळखी हात लिहू लागले. ती आता तिथल्या मुलींबरोबर कॉम्प्युटरवर बसत होती. आमच्या मुलांनी विचारलं, पाटाचं पाणी येतं कुठून? तिकडून धरणाची माहिती आली. तिकडच्यांनी विचारलं, टँकर आला नाही तर काय करता? तिच्या गटातल्या मुलाने त्यावर इतकं लिहिलं, की मला मध्येच थांबवावं लागलं.

रविवारी मात्र ती फाईलमध्ये येईनाशी झाली. तिला खेळायला मैत्रिणी मिळाल्या होत्या. मी थोडा वेळ वाट बघायची आणि मोबाईल ठेवून द्यायची.

उन्हाळ्यात टोळी परतली. ती शाळेत आली तेव्हा उंच झाली होती. मला "नमस्ते मॅडम" म्हणाली आणि धावत त्या दोघांकडे गेली. तिघांनी मिळून पाण्याची सगळी फाईल मोठ्याने वाचून दाखवली. कोण कुठलं वाक्य वाचणार यावरून भांडलीसुद्धा. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा गेली, पण रडवेली नव्हती. त्या शाळेत तिची जागा ठरलेली होती.

मी अजून त्याच गावात आहे. फाईल आता बरीच लांब झाली आहे, दोन्हीकडची मुलं रोज त्यात भर घालतात. रविवारी मी ती वरपासून खालपर्यंत वाचते. मुलं एकमेकांना काय काय विचारत असतात. मी मधे काही लिहीत नाही.