आपत्ती : निरंक

आमच्या विभागाच्या बातम्या मी लिहिते. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचं आर्वीत एक छोटं केंद्र आहे, तिथे बी.एड. चालतं. त्या केंद्रातून जे काही जाहीर होतं, परीक्षेचं वेळापत्रक, प्रवेशाची यादी, कुणाचं व्याख्यान, कुणाची शोकसभा, ते सगळं माझ्या हातून जातं. आधी वेबसाइटवर, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणि शेवटी दाराजवळच्या काचेच्या फलकात. फलकाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मी कंत्राटी लिपिक. अकरा महिन्यांचा आदेश, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. असं करत केस पिकले.

मला एक माज होता, तो आधी सांगून टाकते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने दुरुस्त करायचे, मग लग्नाची तारीख बघायचे. ती खोड माझ्यात उतरली. फलकावर माझ्या हातची चूक कुणी दाखवली नाही, आणि हे मी चहाच्या वेळी लोकांना ऐकवत असे. लोक ऐकून घेत, दुसरं काय करणार.

आमचे विभागप्रमुख मध्य प्रदेशातले. येऊन दोन वर्षं झाली होती. माणूस नियमाचा, आवाज न चढवणारा. सूचनेचा मसुदा ते हिंदीत लिहून द्यायचे आणि मी त्याचं मराठी करायचे. सुरुवातीला त्यांनी ‘शिक्षा विभाग’ लिहिलं तेव्हा मी हसत हसत त्यांना सांगितलं होतं, सर, आमच्याकडे शिक्षा म्हणजे छडी, उठाबशा. तेही हसले होते. मी ‘शिक्षण विभाग’ केलं आणि स्वतःवर खूश झाले. मोठा खड्डा चुकवला म्हणजे रस्ता संपला असं मला वाटलं असावं.

त्या वर्षी बी.एड.ची गुणवत्ता यादी पहिल्यांदाच आमच्या केंद्राने लावायची होती. आधी तात्पुरती यादी, मग तीन दिवस लोकांच्या तक्रारींसाठी, मग अंतिम यादी. सरांचा मसुदा आला. त्यात होतं, सूचीवर आपत्ति असेल तर विहित नमुन्यात नोंदवावी. हिंदीतली आपत्ति म्हणजे आपली हरकत. हे मला ठाऊक होतं. पण ‘मुझे आपत्ति है, मुझे आपत्ति नहीं है’ हे दोन वर्षं रोज कानावर पडून पडून तो शब्द माझ्या डोक्यात घरचा झाला होता. मी फक्त त्याचा ऱ्हस्व ति दीर्घ केला. ‘यादीबाबत आपत्ती असल्यास तीन दिवसांत नोंदवावी.’ खाली नमुना : अर्जदाराचे नाव, आपत्तीचे स्वरूप, आपत्तीचा पुरावा. शुद्धलेखन तपासलं, एकही चूक नव्हती. काच उघडली, चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या, काच बंद केली.

तीन दिवसांत एकच अर्ज आला. तिसऱ्या दिवशी मी जेवायला गेले असताना कुणीतरी टेबलावर ठेवून गेलं होतं. मला वाटलं, यादी किती चोख केलीय आपण.

अर्ज तळेगावच्या एका बाईचा होता. अक्षर गोल, सुटं, फळ्यावर लिहायची सवय असलेल्या हाताचं. ‘आपत्तीचे स्वरूप’ या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून तिने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं. दिवाळीच्या आधी तिचे यजमान हायवेवर गाडीखाली आले. सेवाग्रामच्या दवाखान्यात ती त्यांच्याजवळ राहिली, एक पाय गुडघ्यातून काढावा लागला. त्या काळात सासूला लकवा मारला. ती स्वतः गावातल्या एका खाजगी शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. बी.एड.ला प्रवेश घेतल्याचा कागद दाखवला नाही तर पुढच्या सत्रापासून येऊ नका, असं शाळेने सांगितलं आहे. घरात आता बाहेर जाऊन काम करणारं दुसरं कुणी नाही. ‘तरी या आपत्तीचा सहानुभूतीने विचार व्हावा.’ पुरावा म्हणून दवाखान्यातून सुटी झाल्याच्या कार्डाची झेरॉक्स.

मी तो अर्ज चहाच्या वेळी मोठ्याने वाचला. हे लिहिताना हात जड होतो, पण वाचला, आणि आधी मीच हसले. आमचे एक प्राध्यापक म्हणाले, “तलाठ्याकडे पाठवा मॅडम, पंचनामा करून टाकतील.” सगळे हसले. ते वाईट लोक नव्हते, मीही नव्हते. पण शब्दाचा अर्थ त्या विनोदातच उघडा पडला होता आणि तरी मला शब्द दिसला नाही. मला फक्त नोटीस न कळणारी एक खेड्यातली बाई दिसली.

संध्याकाळी अहवाल केला. तात्पुरत्या यादीवर प्राप्त आपत्ती : निरंक. निरंक हा आमच्या कचेऱ्यांचा लाडका शब्द. काहीही आलं नाही, काहीही नाही, पुढे चला. सरांनी सही केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी सकाळी मी अंतिम यादी लावली.

सोमवारीच अकराच्या सुमाराला ती आली. तळेगावची एसटी तेव्हाच येते. तिशी ओलांडलेली, फिकट निळी साडी, हातात प्लास्टिकची फाइल. फलकासमोर तिने बराच वेळ बोटाने यादी वाचली, मग माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, हरकतीची नोटीस कवा लागते?”

मी म्हटलं, “कसली हरकत?”

“यादीत माह्या एम.ए.चा रकाना कोराच हाय. मार्कलिस्ट देल्ली होती मी, ही पाहा पोच. ते मार्क धरले तं माहा नंबर वर जाते. आमच्या ग्रामपंचायतीत हरकतीची नोटीस निंगते ना, तशी निंगन म्हणून मी रोज ग्रुपवर पाहून राह्यली होती. यादी तं लागली, हरकतीचं काईच नाई.”

तिने पोच पुढे केली. त्यावर सही माझीच होती.

“तुम्ही एक अर्ज दिला होता,” मी म्हणाले.

“तो आपत्तीचा होता. घरी आपत्ती आली होती ना, त्याचा. मले वाटलं, आपत्तीवाल्यायले काई सवलत देऊन राह्यले. कोरोनात मदतीचे फॉर्म भरून घेतले होते तसं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, “काऊन, चुकलं का काई?”

तिचं काहीही चुकलं नव्हतं. मराठी शिकवणाऱ्या बाईने मराठी शब्द मराठीत वाचला होता. मी तिच्या हातातली मार्कलिस्ट घेतली. चहाच्या वेळचं हसू आठवलं आणि स्वतःची इतकी शिसारी आली की मला तिच्याकडे बघवेना. “थांबा,” म्हणाले आणि कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी मार्कलिस्ट पाहिली, पोच पाहिली. रकाना भरायचा राहिला हे त्यांना लगेच कळलं. चष्मा काढून त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“आपत्ति आई थी क्या?”

मुदतीत हरकत आली असेल, तर यादी बदलता येत होती. एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर देणारी एकटी मी होते. सर, अर्ज आला होता, माझ्या शब्दामुळे तो चुकीचा लिहिला गेला, चूक माझी आहे. इतकंच म्हणायचं होतं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात कंत्राटी लोकांच्या मुदतवाढीची फाइल होती. त्यात माझं नाव होतं. सर कदाचित काही म्हणालेही नसते. ते मला कधी कळणार नाही, कारण मी म्हणाले, “नाही सर. निरंक.”

“फिर तो नियम है,” ते म्हणाले आणि कागद परत दिले. त्यांना वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्याचाही राग आला.

बाहेर आले तेव्हा ती उभीच होती. खुर्ची रिकामी होती, पण मी बसा म्हटलं नव्हतं. मी तिला सांगितलं की मुदत संपली, यादी अंतिम झाली, आता काही होऊ शकत नाही. आणि वर, कुठून आलं माझ्या तोंडात देव जाणे, म्हणाले, “नोटीस नीट वाचत जा, बाई.”

तिने वाद घातला नाही. घातला असता तर मी भांडले असते, भांडता भांडता कदाचित खरं बाहेर पडलं असतं. तिने फक्त विचारलं, पुढच्या साली फॉर्म कधी निघतात. मग तिलाच आठवलं असावं की पुढच्या साली ती शाळा नाही. तिने मार्कलिस्ट फाइलमध्ये सरकवली, फाइलचं बटण दोनदा दाबून लावलं.

मी आणखी काहीतरी म्हणाले, इलाज नाही, वाईट वाटतं, असलं. ती दारातून वळली. वर्गातल्या एखाद्या बावरलेल्या मुलीला समजवावं तसं, अगदी मऊ आवाजात, म्हणाली,

“हरकत नाई, मॅडम.”