आईची दोनदा बोलायची सवय

आमच्या घरात हळू बोलायला बंदी नव्हती, फक्त त्याचा काही उपयोग नव्हता. बाबा भिलाईच्या प्लांटात मिलवर होते. लाल तापलेलं लोखंड रोलरवरून धावतं तेव्हाचा आवाज त्यांनी उभी नोकरी कानात साठवला आणि रिटायर होताना घरी घेऊन आले. कानात घालायच्या रबरी गोळ्या त्यांना मिळायच्या. त्या ते खिशात ठेवायचे. खिशातून त्या माझ्या दप्तरात यायच्या आणि भूगोलाच्या तासाला मी त्या वापरायचो. फुकट काहीच गेलं नाही.

त्यामुळे आई सगळं दोनदा बोलायची. पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या आवाजात, हळू. बाबा म्हणायचे, "आं?" मग दुसऱ्यांदा बेंबीच्या देठापासून, इतकं की समोरच्या क्वार्टरातल्या तेलुगू काकूंना आमची भाजी कळायची. मी लहानपणी आईला विचारलं होतं, तुला माहीत आहे ना त्यांना ऐकू येत नाही, मग पहिल्यांदाच मोठ्यानं का नाही बोलत? ती म्हणाली, "एकदम वरडलं त भांडण वाटते." चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात तिनं ती पहिली, वाया जाणारी खेप कधी सोडली नाही.

आता माझ्याविषयी. मी रसमड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, पण तो पोटापुरता. बाकी वेळ मी नट आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत मी राजा झालो आहे, इन्स्पेक्टर झालो आहे, आणि एका वर्षी बाप आणि त्या बापाचं भूत अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत, कारण भुताला ऐनवेळी नाइट शिफ्ट लागली. पण माझी सगळ्यात जुनी भूमिका म्हणजे बाबा. आवाज फुटला तसा मला त्यांचा आवाज काढता यायला लागला. घसा जरा मागे ओढायचा, शब्द ढकलत बोलायचं, शेवटी 'न' लावायचा. नववीत असताना मी पावर हाउस भागातल्या एका दुकानातून तेलुगू काकूंकडे फोन केला. त्यांच्याकडे नुकताच फोन बसला होता. त्यांनी आईला बोलावलं. मी बाबांच्या आवाजात सांगितलं की मिलमधले दोघं जेवायले येऊन राहिले, पुरणपोळी कर. आईनं केली. पाहुणे आले नाहीत. पोळ्या मी खाल्ल्या. माझ्या नाट्यजीवनातलं हे पहिलं यश, आणि ते मी पुढे प्रत्येक मैफलीत सांगत आलो.

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात दोघंही एकाच आठवड्यात तापले. ॲम्ब्युलन्समध्ये शेजारी बसून गेले. बाबा आयुष्यभर लोकांच्या ओठांकडे पाहून अर्धं समजून घ्यायचे, आणि त्या वर्षी सगळ्यांचे ओठ मास्कमध्ये गेले होते. दवाखान्याच्या दारात पुरुषांचा वॉर्ड उजवीकडे होता, बायकांचा वरच्या मजल्यावर. आई मास्कमधून काहीतरी बोलली. बाबा म्हणाले, "आं?" आणि ती दुसऱ्यांदा बोलणार तोच त्यांची चाकांची खुर्ची आत वळली. मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. मलाही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

मुक्तिधामात मला लांब उभं केलं. निळ्या किटमधल्या चार अनोळखी माणसांनी त्यांना उतरवलं. त्यातल्या एकानं माझ्याकडे वळून विचारलं, भैया, कुछ बोलना है इनको? त्या माणसाचं तोंड मला आजही ठाऊक नाही, पण जगातल्या फार थोड्या माणसांचा मी इतका ऋणी आहे. दिवसभर तो तेच काम करत होता, तरी त्याला विचारावंसं वाटलं. आणि मी, स्टेजवर दुसऱ्याची वाक्यंसुद्धा बोलून टाकणारा, तिथे मान हलवून नाही म्हणालो. बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि एवढ्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर मला ओरडता येईना.

डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की आईचा ऑक्सिजन वर-खाली होतो आहे, निदान आठ-दहा दिवस तिला धक्का बसता कामा नये. एवढंच आमच्या हातात उरलं होतं, तिला कळू न देणं. बाबांचा मोबाइल डिस्चार्ज झाला आहे, असं आम्ही तिला सांगून ठेवलं होतं. तो मोबाइल बाबांच्या चष्म्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला मिळाला. पद्मनाभपुरच्या आमच्या घरी आल्यावर मी तो चार्जिंगला लावला. का लावला, सांगता येणार नाही. हाताला काहीतरी काम हवं असतं.

चारच्या सुमारास तो वाजला. पडद्यावर अक्षरं होती: घर. बाबांनी आईचा नंबर 'घर' म्हणून घातला होता.

माझी बायको दारात उभी होती. फोन वाजत होता. उचलला नाही तर आई वॉर्डात विचारत सुटेल, कुणीतरी सांगून टाकेल. माझ्या आवाजात उचलला तर बाबांचा फोन माझ्याकडे कसा? मी घसा मागे ओढला आणि म्हटलं, "हां, बोल न."

पलीकडे ऑक्सिजनची शीळ होती. त्यातून अगदी बारीक, हळू आवाज आला, "अहो, जेवले काय?"

"हाव, जेवलो. दलिया होता."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, दम लागला. मग म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, हे पाप आहे. आज त्यांचा दिवस, आणि तुम्ही त्यांचा आवाज काढून राहिले. मी म्हटलं, मग उद्या तू उचल. ती आत निघून गेली, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो, कारण घशात अजून बाबांचाच आवाज अडकून होता आणि रडणंही त्यांच्याच आवाजात येत होतं.

पण दुसऱ्या दिवशी चार वाजता बायको माझ्यासमोर येऊन बसली, हातात जुन्या कॅलेंडरची पानं आणि स्केचपेन घेऊन. नाटकात प्रॉम्प्टर विंगेत असतो, माझी समोर होती. पानामागे मोठ्या अक्षरात लिहून दाखवायची: कढीपत्त्याला रोज पाणी घालतात, सांगा. गुडघा विचारा. एकदा मी रंगात येऊन जरा जास्तच खोकलो, तर तिनं पान वर केलं: खोकला कमी. त्या आठवड्यात आम्ही दोघं एकदाच हसलो, आणि ते तेव्हा.

बोलणं चार-पाच मिनिटांचंच असायचं. आणि रोज आई एक काहीतरी सांगायची. एके दिवशी म्हणाली, आज चहात आलं होतं. एके दिवशी, वॉर्डातल्या दाईनं, म्हणजे आयाबाईनं, तिचे केस विंचरून वेणी घालून दिली. ती दाई छत्तीसगढीत बोलायची, आणि 'तोर चुंदी ल कोर दंव का', तुझे केस विंचरून देऊ का, असं विचारायची, तेही आईनं मला तसंच्या तसं म्हणून दाखवलं. खिडकीजवळची खाट मिळाली, तिथून प्लांटची चिमणी दिसते, धूर सरळ वर जाऊन राहिला, वारा नाही. बाजूच्या खाटेवरची बाई आज स्वतःच्या पायानं घरी गेली, आम्ही सगळ्यांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. हे सगळं ती एकदाच, हळू आवाजात सांगायची. मी 'हाव', 'बेस झालं न' म्हणत राहायचो.

इकडे माझे दिवस त्या चार वाजण्याभोवती फिरू लागले. सकाळी फाटकावर डबा लटकलेला असायचा. तेलुगू काकू आता लेकाकडे, आमच्याच गल्लीत राहतात. त्यांनी न विचारता तो सुरू केला होता आणि तो घ्यायला मी बाहेर येईपर्यंत त्या परत घरात शिरलेल्या असायच्या. चिंचेच्या भाताची चव मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळली. तसा तो मी लहानपणापासून खात आलो होतो. माणूस इतका दुःखी असताना त्याला भूक लागते, आणि भात चांगला लागतो, याची मला लाज वाटायची. मग चार वाजता आई सांगायची की चहात आलं होतं, आणि लाज जरा कमी व्हायची.

दहाव्याचं जे काही करता आलं ते गुरुजींनी फोनवरून सांगून करवलं. केस मात्र मी उतरवले नाहीत. वॉर्डातली सिस्टर कधीमधी संध्याकाळी आईशी व्हिडिओवर बोलणं करून द्यायची, आणि तेव्हा मी मी असायचो. टक्कल दिसलं असतं तर सगळंच संपलं असतं. बापासाठी मी तेवढंही केलं नाही, हे मला टोचत होतं, पण आईसाठी नाही केलं, अशी मी समजूत घातली.

ती घरी येणार त्या दिवशी मी तिला सांगायची वाक्यं पाठ केली. खरंच पाठ केली, आरशासमोर. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग 'आई, बाबांची तब्येत मध्ये जरा' इथून सुरुवात. बायकोनं ऐकून सुधारणाही सुचवल्या.

गाडी फाटकाशी थांबली. आई उतरली. अर्धी झाली होती. दाईनं घातलेली वेणी तशीच होती, टोकाला पट्टीचा तुकडा बांधलेला. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, डोक्याकडे पाहिलं.

"केस कावून नाही उतरवले?" ती म्हणाली.

पाठ केलेलं सगळं जागच्या जागी गेलं. मी तिचा हात धरला, की तिनं माझा धरला, आठवत नाही. व्हरांड्यातल्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. तिला आत न्यायचं सोडून बायकोही येऊन बसली. मी विचारलं, कुणी सांगितलं?

"कोणी नाही सांगितलं. तूच सांगितलं न."

"मी?"

"मी इतकी हळू बोलली. अन् तुले पहिल्यांदाच ऐकू आलं." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, हातात नुसता धरून ठेवला. "त्याईले कधी आलं होतं?"

म्हणजे पहिल्याच दिवशी. 'जेवले काय' आणि 'बरं' यांच्या मध्ये जी शांतता होती, त्यात तिला कळलं होतं. तिथे, त्या खाटेवर, नळी लावलेली, एकटी. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं पुन्हा फोन लावला होता.

मी विचारलं, मग रोज कशाला करत होतीस?

"तू एकटा पडला होता न. मले म्हटलं, याले रोज काही बरं सांगावं." मग म्हणाली, "शोधा लागे. सकाळपासून पाहत राहायची, आज काय सांगू. अन् तुह्या तोंडून त्याईचा आवाज ऐकू ये. तेही मले पाहिजे होतं."

मी आयुष्यभर प्रेक्षकांना फसवल्याच्या गोष्टी सांगत आलो. तिला मी धक्क्यापासून वाचवत होतो, असं मला वाटत होतं. धक्का तिनं गिळून टाकला होता आणि तिकडून आल्याचा चहा पाठवत होती.

"पुरणपोळीच्या वेळेसही वळखलं होतं," ती म्हणाली. "तुले खायची होती."

दवाखान्याच्या दारात ती बाबांना काय म्हणाली होती, हे मी विचारणार नव्हतो. तिनंच सांगितलं. "भेऊ नका म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी मी केस उतरवले. उशीर झाला होता, पण तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि कानामागे राहिलेले दोन केस दाखवले.

आता ती आमच्याकडेच असते. सवय सुटलेली नाही. स्वयंपाकघरातून हळू काहीतरी म्हणते, थांबते, आणि मग तेच मोठ्यानं म्हणायला तोंड उघडते. पण तोवर आम्ही कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. मग ते दुसरं वाक्य तिच्या तोंडातच राहतं. सुरुवातीला मला ते दिसत नव्हतं. दिसायला लागलं तेव्हा पाहवेना.

एका दुपारी मी पेपर वाचत होतो. ती आतून हळूच म्हणाली, "चहा पेतं काय?"

मला स्पष्ट ऐकू आलं. मी पेपरचं पान उलटलं.

आत पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे चांगली निरखून पाहत होती, मला पेपरच्या कडेवरून दिसत होतं. नट वाईट असेन, पण मी पापणी हलवली नाही.

"चहा पेतं काय म्हणून राहिली," ती ओरडली, इतक्या जोरात की गल्लीच्या टोकाला तेलुगू काकूंनी ऐकलं असणार.

"आं?" मी म्हटलं. "हाव. ठेव न."

"बहिरा मेला," ती म्हणाली, आणि आत जाऊन आलं ठेचायला लागली.